‘वहिनी, ते ड्युटीवर नाही ना गेले’

(पत्र थोडं आखडून आणि ओळख पटेल असा तपशील गाळून देत आहे.)

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे मिस्टर अग्निशमन दलात होते. फायरमन म्हणून लागले, लीडिंग फायरमन झाले. एकोणतीस वर्षं नोकरी झाली. दोन सिंहस्थ, गोदावरीचे सगळे पूर, आणि आगी तर किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले. आधी लघवी लाल व्हायची, दुखत काहीच नव्हतं. उन्हाळी लागली असेल म्हणून मीच धण्याजिऱ्याचं पाणी देत राहिले. दाखवलं तोवर बरंच पसरलं होतं.

दर १४ एप्रिलला दलात शहीद जवानांना मानवंदना असते. यंदा मी मुलांना घेऊन गेले. वाटलं होतं, त्यांचंही नाव घेतील. नाही घेतलं. कार्यक्रम संपल्यावर साहेबांना विचारलं. ते वाईट बोलले नाहीत, पण म्हणाले, ‘वहिनी, ते ड्युटीवर नाही ना गेले.’ घरी आल्यावर मला घास उतरेना. नणंद म्हणते, बिड्या ओढायचा म्हणून गेला, आता दलाला कशाला दोष. ओढायचे, खोटं कशाला बोलू? पण भंगाराच्या आगीवरून आले की आठवडाभर काळा बेडका पडायचा, तो मीच पाहिलाय. त्यांची डंगरी मी पोरांच्या कपड्यांबरोबर भिजत घालायचे. आता रात्री तेच डोक्यात येतं.

सासूबाईंनी त्यांचं हेल्मेट देवघराशेजारी ठेवलंय. डंगरी आणि गमबूट कपाटात आहेत, कुणाला हात लावू देत नाहीत. मुलगी एफवायला आहे, ती म्हणते मी फायरमनचा कोर्स करणार. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला हे काय. माझी भीती वेगळीच आहे. धाकटा आठवीत आहे, तो वडिलांबद्दल बोलतच नाही. त्यांच्याबरोबरचे लोक सुरुवातीला यायचे, आता कुणी येत नाही.

पेन्शन सुरू झाली आहे, पैशासाठी लिहीत नाही. ते कामामुळे गेले असं मी म्हटलं तर चुकतं का? आणि त्यांचं नाव कुणीतरी घ्यावं म्हणून मी कुणाकडे काय मागू?

– एक वाचक, सिडको, नाशिक

ताई,

पत्रात तुम्ही दलाचं नाव लिहिलं आहे, मी ते गाळलं. नाशकात महापालिकेचं दल आहे, एमआयडीसीचं आहे, देवळाली कॅन्टोन्मेंटचं आहे, ओझरला एचएएलचं आहे. तुमच्या साहेबांचं वाक्य यातल्या कुठल्याही दलातला अधिकारी बोलला असता, त्यामुळे एकावर बोट ठेवण्यात अर्थ नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. ते कामामुळे गेले असं म्हणणं चुकीचं नाही. एका माणसाच्या आजाराचं एकच एक कारण कुणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्यात कामाचा वाटा होता असं म्हणायला आज भक्कम आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी एक संस्था आहे, आयएआरसी. माणसाला कर्करोग कशाकशाने होतो याची ती छाननी करते आणि गट पाडते. २०२२ साली तिने फायरमनचं काम पहिल्या गटात घातलं. लक्षात घ्या, एखादं रसायन नाही, ते अख्खं कामच. पहिला गट म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींचा. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे, ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहे. त्याआधी हे काम ‘कदाचित होत असेल’ अशा खालच्या गटात होतं. आणि पुरेसा पुरावा आहे म्हणून या संस्थेने फायरमनच्या बाबतीत दोन कर्करोगांची नावं घेतली. एक मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा. दुसरा मूत्राशयाचा.

साहेबांना हे ठाऊक नसावं. त्या खुर्चीवरच्या माणसाला ठाऊक असायला हवं, असं माझं मत आहे.

काळ्या बेडक्याबद्दल तुम्ही लिहिलंय, त्यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण बाहेरच्या लोकांना फायरमनचं काम दिसतं ते ज्वाळा असेपर्यंतच. दलातला माणूस मात्र तुम्हाला कूलिंगबद्दल सांगेल. ज्वाळा खाली बसतात, बघे घरी जातात, दुसऱ्या दिवशी पेपरात ‘आग आटोक्यात’ असं छापून येतं. खरं दमवणारं काम त्यानंतर सुरू होतं. ढिगारा पहारीने, फावड्याने, हल्ली जेसीबी लावून उकरायचा, एकेक थर उलटा करायचा आणि पाणी मारत राहायचं, नाहीतर पहाटे तो पुन्हा पेट घेतो. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार ज्यांना आठवतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने तो उठवला, पण तोवर तिथे कितीदा आग लागली असेल आणि धूर सिडकोतल्या गच्च्यांवरून कितीदा दिसला असेल! भंगारात जळतं काय? टायर, वायरींचं वेष्टण, फोमच्या गाद्या, थर्माकोल, फ्रिजची खोकी, रंगाचे आणि केमिकलचे ‘रिकामे’ ड्रम, सिमेंटचे जुने पत्रे. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. फोम जळला की त्यातून सायनाइडचा वायू येतो. रबर, प्लॅस्टिक, तेल धुमसत राहिलं की बेंझीन आणि काजळीला चिकटलेली पीएएच नावाची रसायनं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, पत्रा तडकला की त्याचे तंतू हवेत.

ज्वाळांपाशी जाताना तोंडावर बीए सेट, म्हणजे श्वासाला स्वच्छ हवा देणारं उपकरण, असतो, असला तर. पाठीवरचं ते सिलिंडर अर्धा-पाऊण तास पुरतं आणि कूलिंग रात्रभर चालतं. मग सेट उतरतो आणि तोंडाला रुमाल बांधला जातो. रुमालाने राखेचे मोठे कण अडतात, वायू अडत नाही. शिवाय हे सगळं फक्त नाकातून शिरत नाही. काजळी मानेवर, मनगटावर, जांघेत बसते, आणि तापलेली घामेजलेली कातडी ती अधिक शोषते. रक्तात गेलेलं विष मूत्रपिंडं गाळतात आणि ते लघवीतून मूत्राशयात साठतं, तिथल्या अस्तराला तासन् तास लागून राहतं. धूर छातीत गेला आणि आजार ओटीपोटात निघाला, याचं नवल वाटायला नको. तो निघायला दहा-वीस वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. म्हणूनच ज्या आगीने माणूस नेला तिच्या वर्दीची, म्हणजे ठाण्यावर आलेल्या खबरीची, तारीख कुणाला दाखवता येत नाही.

आता बिडी. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण धूम्रपानच आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. नणंद खोटं बोलत नाहीत. पण बिडी ओढणाऱ्याच्या अंगात फोमचा धूर शिरत नाही, असं कुठे आहे? दोन्ही धूर एकाच रक्तात गेले. नणंदेशी यावरून भांडू नका. भाऊ गेलाय त्यांचा, आणि स्वतःच्याच सवयीने गेला असं मानलं की चिडायला बाहेरचं कुणी उरत नाही. काहींना तेच सोपं जातं. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्याकडे तंबाखूचं नाव निघालं की पुढची चौकशीच थांबते, दवाखान्यातसुद्धा. त्यांचा केसपेपर काढून बघा. व्यसनाच्या रकान्यात बिडी, रोज किती, किती वर्षं, सगळं लिहिलेलं असेल. व्यवसायाच्या रकान्यात बहुधा ‘नोकरी’ एवढंच असेल.

धण्याजिऱ्याच्या पाण्याबद्दल तुम्ही स्वतःला जे बोल लावताय ते थांबवा. मार्च-एप्रिलात लघवी लाल झाली तर नाशकातल्या कुठल्याही घरात आधी धणे-जिरेच भिजतात, नाहीतर सब्जा. हा आजार मुळात फसवा आहे. रक्त दिसतं, दुखत नाही, दोन-चार दिवसांनी आपोआप थांबतं, आणि औषध लागू पडलं असं वाटतं. न दुखता लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं, तरी लघवी तपासायची आणि सोनोग्राफी करायची, हे एकोणतीस वर्षं धूर खाणाऱ्या माणसाला नोकरीवर असताना कुणीतरी सांगायला हवं होतं. ती जबाबदारी स्वयंपाकघरातली नव्हती.

डंगरीचं जरा वेगळं आहे. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांचे कपडे धुऊन त्यांच्या बायकांना आजार झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत, म्हणून तुमची शंका वेडगळ आहे असं मी म्हणणार नाही. पण ती रोजच्या रोज ॲस्बेस्टॉसच्याच धुरळ्याने भरलेल्या कपड्यांची गोष्ट होती. तुमच्या घरातल्या नेहमीच्या डॉक्टरांना एकदा सगळं सांगा, ते म्हणतील ती तपासणी करा आणि हा विषय तिथेच ठेवून या. डंगरी घरी का धुवावी लागली, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. काजळीचे कपडे ठाण्यातच धुतले जावेत ही चैन नव्हे.

आता साहेबांचं वाक्य. १४ एप्रिलची मानवंदना कुठून आली ते मुलांनाही सांगा. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही होती. कापूस पेटला, मुंबईचे फायरमन विझवायला गेले, आणि चार वाजून गेल्यावर जहाज उडालं. ६६ फायरमन गेले. त्यांच्या आठवणीत आज देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. स्मरणाची पद्धत त्या घटनेवरून ठरली: जागा एक, वेळ एक, साक्षीदार हजारो. त्या मापाने साहेब बोलले. हळूहळू, खाटेवर, केमोच्या सुया टोचून घेत गेलेला माणूस त्या मापात बसत नाही.

पण मला असाही संशय आहे की त्या वाक्यामागे नियमापेक्षा भीती जास्त होती. तुमच्या मिस्टरांनी ज्या आगीत श्वास घेतला त्याच आगीत साहेबांनीही घेतला असणार. ‘हो वहिनी, हे कामामुळे झालं’ असं म्हटलं की रात्री घरी जाऊन त्यांना स्वतःच्या लघवीकडे बघावं लागलं असतं. सहकारी यायचे थांबले, त्याचंही कारण कदाचित हेच. तुमच्या दारात आलं की त्यांना स्वतःचं भविष्य दिसतं. माणसं कृतघ्न असतात म्हणून येईनाशी होतात असं दरवेळी नसतं.

जगात सगळीकडे हेच माप लावतात असं नाही, हे तुम्हाला माहीत असावं. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे फायरमनांच्या संघटनेने उभारलेलं स्मारक आहे. त्याच्या भिंतीवर आगीत गेलेल्यांबरोबर कामातून जडलेल्या कर्करोगाने गेलेल्यांचीही नावं कोरतात. कॅनडात मॅनिटोबा प्रांताने २००२ साली कायदाच केला: अमुक वर्षं काम केलेल्या फायरमनला ठरावीक कर्करोग झाला तर तो कामामुळेच झाला असं धरून चालायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याची. ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये असाच कायदा झाला. आपल्याकडे तो नाही. इथे सगळं घरच्यांनीच शाबित करायचं, आणि तेही माणूस गेल्यावर.

मग मागायचं काय? माझं ऐकाल तर ‘शहीद’ म्हणा, असं मागू नका. तो दर्जा द्यायचा अधिकार परेडवरच्या साहेबांच्या हातात नसतो. मागितलात की अर्ज वरवर फिरत राहील आणि दर एप्रिलला तुमचं मन नव्याने मोडेल. तुम्हाला हवं आहे ते त्यांचं नाव, आणि ते का गेले त्याची नोंद. यासाठी नवा शब्द लागत नाही. ‘सेवेत असताना आजाराने गेलेले आमचे सहकारी’ अशी चार-पाच ओळींची यादी मानवंदनेनंतर वाचली, तर कुठला नियम मोडतो?

आणि ती यादी एका नावाची नसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. एकोणतीस वर्षांत त्यांच्या ठाण्यावरचे आणखी कोण छातीच्या, पोटाच्या, रक्ताच्या आजाराने गेले, हे त्यांच्या बॅचच्या एखाद्या माणसाला विचारा. फोनवर नको, घरी बोलावून, चहाला. त्या घरच्या बायकांना भेटा. एकटी बाई अर्ज घेऊन गेली की लोक तिला पाणी देतात, खुर्ची देतात आणि ‘बघतो’ म्हणतात. चार घरच्या सह्या एका कागदावर असल्या तर त्यावर आवक क्रमांक पडतो. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

त्याच कागदावर आणखी एक मागणी लिहा. सप्ताहात प्रात्यक्षिकं होतात, शाळांमध्ये मुलांना सिलिंडरची आग विझवून दाखवतात, चांगलंच आहे. त्यातली एक सकाळ दलातल्या लोकांच्या तपासणीला द्या म्हणावं: लघवीची साधी तपासणी, फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी, आणि निवृत्त झालेल्यांनाही बोलावणं. ती सकाळ आजाराने गेलेल्यांच्या नावाने भरवा. भिंतीवरच्या फोटोला हार घालण्यापेक्षा मला हे शंभरदा पटतं, आणि लघवीच्या तपासणीचा खर्च हारांच्या खर्चाहून फार नसावा.

सासूबाईंनी ठेवलेल्या हेल्मेटची जागा बदलू नका. साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून नीट पुसून घ्या, पट्टा धुवा, आणि असू दे देवघराशेजारी. आईचं आहे ते. गोष्टी नाजूक होतात त्या डंगरी आणि गमबूटच्या बाबतीत. शेवटच्या आगीनंतर ते धुतलेले नसतील तर कपड्यांच्या कपाटात ठेवण्याजोगे नाहीत. सासूबाईंना आठवणीचं काढून घेताय असं वाटू न देता सांगा की ही काजळी पोरांच्या कपड्यांना लागते. मिस्टरांची परेडची खाकी आणि टोपी घरात असेलच. ती धुऊन, इस्त्री करून, नवऱ्याच्या हातच्या घडीसारखी घडी घालून सासूबाईंच्या हातात द्या. डंगरी आणि बूट पिशवीत बांधून स्टोअरला परत करता येतात का, ते विचारा.

धाकट्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्याने वडिलांचं शेवटचं वर्ष पाहिलंय, ते कॅथेटर, ते उतरलेलं अंग. तो बोलत नाही कारण आठवायला गेलं की तेच पुढे येतं. आधीची अठ्ठावीस वर्षं त्याच्याकडे नाहीतच. ती आहेत दलातल्या माणसांकडे. म्हणून त्यांना सांत्वनाला बोलावू नका, काम द्या. ‘माझ्या पोराला त्याच्या बापाची एकेक वर्दी सांगा’ म्हणावं. २००८ च्या पुरात, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं तेव्हा ते कुठे होते? सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर किती तास उभे होते? संक्रांतीला झाडावर मांज्यात अडकलेले पक्षी किती उतरवले? (हे काम फायरमन करतात हे अर्ध्या नाशिकला माहीत नाही.) मुलगा तिथेच बसेल, मोबाईलमध्ये डोकं घालून. बसू दे. त्याच मोबाईलवर त्याच्या ताईने रेकॉर्ड करावं. फायरमनांना आगीबद्दल बोलायला सुरुवात करून द्यावी लागते, पुढे थांबवावं लागतं. आणि ते यायला लागले की जाताना त्यांना लघवीतल्या रक्ताबद्दल तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून ते ऐकतील.

मुलीबद्दल. मुलीच्या जातीचा मुद्दा सासूबाईंपुढे फार ताणू नका. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ साली तिथल्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजात प्रवेश घेतला आणि त्या देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक ठरल्या, एवढं सांगितलं तरी पुरे. तुमची भीती खरी आहे, आणि तिला मी ‘काही होत नाही हो’ म्हणून उडवून लावणार नाही. होतं. वर सगळं लिहिलंच आहे. पण पोरीला घाबरवून अडवलंत तर ती लपून फॉर्म भरेल, आणि वडिलांची जागा भरून काढायची म्हणून जाईल, जे सगळ्यात वाईट. तिला आधी मला लिहिलेलं पत्र वाचायला द्या. काळा बेडका, डंगरी, सगळं. मग तिने स्वतः ठाण्यावर जाऊन विचारावं: गाडीवर माणसं किती आणि बीए सेट किती? कूलिंगला सेट घालतात का? काजळीचे कपडे कुठे धुता? आगीवरून आल्यावर आंघोळ ठाण्यात की घरी? वार्षिक तपासणीत काय काय बघतात? उत्तरं ऐकून तिला तरीही जायचं असेल तर ती डोळे उघडे ठेवून जाईल. पदवी मात्र पूर्ण करायला लावा. अधिकारी होण्याच्या वाटा त्यातून निघतात, आणि कूलिंगला सेट घालूनच उतरायचं हे सांगण्याचा अधिकार अधिकाऱ्यालाच असतो.

अनुकंपा नोकरीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. त्या अर्जाला मुदत असते आणि नियम बदलत असतात, म्हणून आस्थापना विभागात लेखी विचारून लेखी उत्तर घ्या. मुलगी त्यासाठी पात्र असू शकते. त्यातून लागलं म्हणजे फायरमनच व्हावं लागतं असंही नाही, शिक्षणाप्रमाणे दुसरं पदही मिळू शकतं. हे तिला माहीत असू दे, म्हणजे निवड खरी होईल.

राहिले कागद. पैशासाठी लिहीत नाही म्हणालात, मला कळलं. तरीही ते जमवा. कामामुळे जडलेल्या आजाराबद्दलच्या भरपाईचा दावा मृत्यूपासून दोन वर्षांत करायचा असतो. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण त्यावर विसंबू नका. दावा जिंकाल असं वचन मी देत नाही, धुराचा आणि आजाराचा संबंध शाबित करणं कठीण आहे. पण लढलात तर ‘कामामुळे’ हा शब्द पहिल्यांदा सरकारी कागदावर येईल, आणि पुढच्या फायरमनच्या घरच्यांना तो कागद दाखवता येईल.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं. कारण असतं ते डॉक्टरांनी भरलेल्या फॉर्म ४ वर. रुग्णालयातून त्याची प्रत मागा, सोबत बायोप्सीचा रिपोर्ट. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांना भेटून सांगा की रुग्ण एकोणतीस वर्षं फायरमन होता, आयएआरसीचा २०२२ चा निर्णय दाखवा, आणि व्यवसायाचा उल्लेख असलेलं पत्र मागा. काही डॉक्टर देतील, काही कचरतील. दहा रुपयांचं कोर्ट-फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करून दलाकडून त्यांच्या ठाण्याच्या मोठ्या आगींचे अहवाल मागवा, भंगार, गोडाऊन आणि कारखान्यांचे आधी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वकिलासाठी पैसे घालवू नका. सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. मधे शाळा-कॉलेजचे प्रवेश आहेत, पावसाळा आहे, गणपती-दिवाळी आहे, आणि सिंहस्थाच्या तयारीत दलातल्या माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसेल. फॉर्म ४ ची प्रत या आठवड्यातच मागून ठेवा.